तिच्या लेकीचे पाय

माझे पाय माझे नाहीत, असं लहानपणी मला खरोखर वाटायचं. हात माझे होते. वाटी उचल म्हटलं की ते उचलायचे. पायांशी मात्र माझं बोलणंच नव्हतं. ते आपल्या मनाने ताठ व्हायचे. गुडघे एकमेकांवर घट्ट दाबले जायचे, एक पोटरी दुसरीवर कात्रीसारखी चढायची आणि चवडे खाली वळायचे. कुठे भांडं पडलं, कुणी दारातून मोठ्याने हाक मारली, की दोन्ही पाय एकदम आखडायचे. मी घाबरलेली नसायचे, ते घाबरायचे. थंडीत तर पार लाकूड व्हायचे. आई कडेवर घ्यायला गेली की मांड्या उघडत नसत, म्हणून ती मला आडवी, सरपणाच्या मोळीसारखी उचलून न्यायची.

मी सातव्या महिन्यात जन्मले. आमचं गाव मावळात, डोंगराच्या पायथ्याशी, लोणावळ्यापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर. घरची भातशेती. घरात वडील, आई, मी आणि वडिलांची थोरली बहीण. या आत्याचं बोलणं घरात सहसा कुणी मोडत नसे आणि माझ्या पायांबद्दल तिचं मत ठाम होतं.

"पोरीचं पाय खालनं कुनीतरी धरल्यात," ती म्हणायची. "वडून न्हाई सुटायचं. ज्यानं धरल्यात त्याच्याकडंच मागाया पायजे."

आई मात्र ओढायची. रोज सकाळी उन्हात मला ओट्यावर निजवून ती माझे गुडघे धरायची आणि सगळा जोर लावून बाजूला करायची. जितकं ओढावं तितके ते आवळत. मी रडायचे, मग तीही रडायची, आणि तोंड पुसून चुलीपाशी जायची. तिच्या हाताला सतत घाई असे. शेताची घाई, पाण्याची घाई. पायांना ती घाई कळायची.

मला आठवं लागलं त्या उन्हाळ्यात सूर्यग्रहण आलं. आत्याच्या सासरच्या मुलखात अशी मुलं ग्रहणात जमिनीत पुरत. ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत मूल मातीत उभं ठेवायचं, म्हणजे जमीन आपली पकड सोडते, असं तिकडे मानत. आईने दोन दिवस विरोध केला. तिसऱ्या दिवशी वडील कुदळ घेऊन खळ्याकडे गेले तेव्हा आईला कळलं की ठरलं.

गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात, पाच-सहा झोपड्यांची एक वाडी होती. तिथली एक बाई लावणीला आणि कापणीला आमच्याकडे कामाला यायची. मी तिला मावशी म्हणायचे. तिची मुलगी माझ्याच वयाची होती आणि तिचे पाय माझ्यासारखेच होते. तिचे हातही आखडलेले असत, मान धरत नसे आणि तिला बोलता येत नसे. मावशी तिला पाठीला बांधून आणायची आणि काम चालू असेपर्यंत झाडाखाली निजवायची. वडील खणत होते तिथे मावशी येऊन उभी राहिली.

"भाऊ, माज्या पोरीसाठी बी एक खना."

"तुमच्या वाडीत खना की," आत्या म्हणाली.

"वाडीत समदा खडक हाय."

वडिलांनी आत्याकडे पाहिलं नाही. त्यांनी दुसरा खड्डा खणायला घेतला. खळ्याच्या कडेला, आंब्याखाली, तेवढीच मऊ माती होती, बाकी सगळा मुरूम. त्यामुळे दोन्ही खड्डे शेजारी आले. मध्ये हातभर रुंदीची मातीची भिंत राहिली.

ग्रहण भर दुपारी होतं. आम्हाला समोरासमोर उतरवलं. वडिलांनी मला काखांत हात घालून धरलं, मावशीने तिच्या लेकीला, आणि आई नि आत्या घमेल्याने माती लोटू लागल्या. माती कंबरेला आली तेव्हा मधली भिंत आतल्या आत ढासळली. वरून काही दिसलं नाही, नुसता धप्प आवाज झाला. खाली माझ्या पावलाला दुसरं पाऊल लागलं. मी कुणाला सांगितलं नाही. माती काखेपर्यंत आल्यावर वडिलांनी ती हाताने थापली. आमचे हात मोकळे होते. त्या मुलीच्या मानेमागे मावशीने पेंढ्याची उशी लावली.

"घाबरू नगंस," वडील मला म्हणाले. "आमी हितंच हाय, दाराआड."

मग सगळे घरात गेले. ग्रहणात उघड्यावर थांबायचं नसतं. घर खळ्याच्या पलीकडेच होतं. दार लागलं आणि कडीचा आवाज आला.

उजेड कमी व्हायला लागला, पण संध्याकाळी होतो तसा नव्हे. संध्याकाळी सावल्या लांबतात. इथे सावल्या जागच्या जागी होत्या आणि नुसता उजेड कुणी उपसून नेत होतं. उरला तो जुन्या तांब्याच्या रंगाचा. कोंबड्या एकामागून एक खुराड्यात शिरल्या. कावळे गप्प झाले. आंब्याच्या पानांतून जमिनीवर पडणारे उन्हाचे ठिपके रोज गोल असतात, ते हळूहळू विळ्याच्या आकाराचे झाले. शेकडो विळे मातीवर पसरले, माझ्या हातांवर आले, त्या मुलीच्या गालांवर आले. वारा सुटला की ते सगळे मिळून हलायचे. ती त्यांच्याकडे बघत होती. मग ती हसली. तिचं हसणं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. ते तिच्या तोंडातून आलं असं वाटलं नाही, मातीतून आल्यासारखं वाटलं.

खाली माती आधी गार होती, मग अंगाइतकी ऊबदार झाली. ती सगळीकडून सारखी दाबत होती. कुणी ओढत नव्हतं, कुणाला घाई नव्हती. माझे पाय हळूहळू गप्प झाले. जन्मात पहिल्यांदा ते माझ्याशी भांडत नव्हते. तिचं पाऊल माझ्या पावलावर होतं, का माझं तिच्या, ते थोड्या वेळाने मला सांगता येईना. चार पावलं आहेत एवढं कळत होतं. त्यातली माझी कोणती हे कळत नव्हतं. एक अंगठा हलवून बघू, असं मी ठरवलं. एक अंगठा हलला. समोर ती मुलगी हसायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. वेशीकडून "दे दान, सुटे गिराण" अशी आरोळी आली आणि दार उघडलं. वडील घाईने उकरायला लागले. कुदळीची कड माझ्या डाव्या घोट्याला लागून रक्त आलं, तरी पाय आखडला नाही. मला वर काढलं तेव्हा माझे दोन्ही पाय ओल्या लुगड्यासारखे खाली लोंबत होते. आईने तोंडावर हात धरला. त्या मुलीचे पाय मात्र वर येताच पोटाशी ओढले गेले, इतके घट्ट की गुडघ्यांच्या मध्ये मातीचा गोळा तसाच दाबलेला राहिला.

मावशी एकदा लेकीच्या पायांकडे बघत होती, एकदा माझ्या. चारही पाय मातीने माखलेले, अगदी सारखे.

"पानी द्या," ती म्हणाली.

तिने आधी आपल्या लेकीचे पाय धुतले, मग कुणाला न विचारता माझे. माझ्या घोट्यावरची जखम धुताना ती थांबली. तिच्या लेकीच्या डाव्या घोट्यावर, त्याच जागी, लहानपणी भाजल्याचा डाग होता.

दिवस मावळेपर्यंत माझे पाय पुन्हा आखडले. पहिल्याइतके नाहीत, असं आई म्हणत राहिली. तिला तसं म्हणायला हवं होतं.

श्रावणात ती मुलगी गेली. तिला गिळायचा त्रास पहिल्यापासून होता. पेज पाजली की ठसका लागायचा. त्या पावसात तिच्या छातीत कफ भरला आणि चार दिवसांत संपलं. खड्ड्यामुळे ती गेली असं मी म्हणणार नाही. पण बातमी आली तेव्हा मी माझे पाय गोधडीखाली झाकून घेतले, हे मला आठवतं.

पाऊस उघडल्यावर एका दुपारी मावशी आली. आई सोप्यात तांदूळ निवडत होती. मावशी सरळ येऊन माझ्यापाशी बसली आणि तिने माझे पाय मांडीवर घेतले.

"काय गं?" आई म्हणाली.

"माज्या पोरीचं पाय बघाया आले."

"बाई, तुजी पोर गेली."

"व्हय, ती गेली. पाय न्हाई गेलं. मातीत अदलाबदल झाली ना." शेजाऱ्याच्या गोठ्यात आपली शेळी चुकून शिरली असं सांगावं, तितक्या साधेपणाने ती हे म्हणाली.

आत्या आतून बाहेर आली. "हिला आदी भाईर काड," ती आईला म्हणाली. आई सूप बाजूला ठेवून उठलीही. मग तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं आणि ती तशीच उभी राहिली.

मावशीने कमरेची एक लहान बाटली काढून तळव्यावर करंजाचं तेल घेतलं होतं आणि हात एकमेकांवर चोळून गरम केले होते. तिने माझे गुडघे नुसते धरले होते. ओढत नव्हती. पाय आवळले की तीही तिथेच थांबायची, हात न उचलता, न दाबता, जणू तिला दुसरं कामच नव्हतं. बऱ्याच वेळाने पायच कंटाळल्यासारखे सैल व्हायचे. मग ती तेवढंच पुढे सरकायची आणि पुन्हा थांबायची. असं करत तिने माझ्या मांड्या उघडल्या आणि मधे पेंढ्याची गुंडाळी ठेवली. मी रडले नव्हते. आई पुन्हा खाली बसली आणि तिने सूप ओढून घेतलं.

त्यानंतर मावशी एक दिवसाआड यायची, कधी रोज. तिने माझ्या तोंडाकडे कधी पाहिलं नाही. ती गुडघ्याच्या खाली बोलायची. मी तिच्या लेखी "ही" होते. तिच्या लेकीला ती लाडाने हाक मारायची, त्याच नावाने पायांशी बोलायची. "जेवलीस का गं?" असं विचारायची. पहिल्या दिवशी मी "व्हय" म्हटलं.

"तुला न्हाई इचारलं," ती म्हणाली.

मग तिने माझ्या तळव्याला हात लावून पाऊल वर दाबून धरलं. पाऊल थरथरायला लागलं, ठक ठक ठक ठक, एका लयीत, मी काही न करता. मला ते थांबवता येत नव्हतं. मावशी मान हलवत ऐकत राहिली. पाऊल थांबल्यावर म्हणाली, "बरं झालं, जेवलीस."

हे रोज व्हायचं. ती काहीबाही विचारायची, पाऊल दाबायची आणि पाऊल जबाब द्यायचं. आई त्या वेळी मुद्दाम परसात जायची. मी मात्र जागची हलू शकत नव्हते. माझ्याच अंगाच्या खालच्या टोकाला दोघीजणी बोलत बसल्या आहेत आणि मी ऐकते आहे, असं ते असायचं.

लोणावळ्याला तेव्हा नोकरीतून निवृत्त झालेले एक म्हातारे डॉक्टर राहत. आसपासच्या खेड्यांतली माणसं ते बंगल्याच्या पडवीत तपासत. घाटात नुकतीच विजेवरची आगगाडी सुरू झाली होती, ती बघायची म्हणून मी हट्ट धरला आणि त्या निमित्ताने वडिलांनी मला त्यांच्याकडे नेलं. डॉक्टरांनी माझे गुडघे वाकवून पाहिले, आधी भरकन, मग सावकाश. शेवटी त्यांनी माझं पाऊल तळव्याकडून वर दाबलं. ते थरथरू लागलं. वडील गोरेमोरे झाले.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "पाय आजारी नाहीत. डोक्यातून पायांना जो हुकूम जातो, त्यात जन्माच्या वेळी बिघाड झालाय. तो दुरुस्त होणार नाही. पण पाय सांभाळले नाहीत तर स्नायू आखूड होतील आणि मग काहीच करता येणार नाही. मांड्या बऱ्या उघडतात हिच्या. कोण चोळतं?"

"कामाला येनारी एक बाई हाय, डोंगरातली."

"तिला सोडू नका. हे पाय ओढले की जास्त आवळतात. तिला थांबायचं कसं ते कळतं."

त्यांनी बांबूच्या कामट्यांना कापड गुंडाळून पाऊल काटकोनात कसं बांधायचं ते दाखवलं आणि पोरीला रोज तासभर कशाच्या तरी आधाराने उभी करा, असं सांगितलं. परतताना गाव दिसायला लागल्यावर वडील म्हणाले, "डाक्टरनं बी इचारलं वाटतं कायतरी. पायानं जबाब दिला त्येला."

उभं कसं करायचं, हा प्रश्न होता. भिंतीला टेकवलं तर मी घसरायचे, धरायला सारखं माणूस लागायचं. मावशीने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी परसात, घराच्या भिंतीला लागून, तिने स्वतःच खड्डा खणला. माझ्या कंबरेइतका खोल, तोंडाशी जेमतेम माझ्यापुरता.

"पुन्यांदा खड्डा न्हाई," आई म्हणाली.

"पुरायचं न्हाई. उभं करायचं," मावशी म्हणाली. "पायांना ठावा हाय त्यो."

तिने खड्ड्यात पेंढा आणि जुनी गोधडी घातली, पाऊल टेकायला खाली फळी टाकली आणि मला त्यात सोडलं. कडा माझ्या कंबरेला धरून राहिल्या. हात मोकळे होते, म्हणून मी काठावर खडे खेळायचे, वाल सोलायचे, पुढे पाटी घेऊन अक्षरं गिरवायचे. रोज सकाळी, ऊन परसात आलं की एक तास. सुरुवातीला खाली फळीवर मला आणखी एक पाऊल लागायचं. मी वाकून बघायचे नाही. पुढे पुढे मी फळीवर थोडी सरकून जागा करून द्यायला लागले. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

दोन वर्षांनी मी खड्ड्याबाहेर, काठाला धरून उभी राहिले. आणखी वर्षाने वडिलांनी दोन काठ्या करून दिल्या. एका सकाळी आई माझ्यासमोर चार हातांवर उभी राहिली आणि म्हणाली, "ये." मी जायला बघितलं. पाय हलले नाहीत. ती पुन्हा म्हणाली, मग जरा जोरात म्हणाली, आणि पाय आखडले. मावशी कुंपणापाशी उभी होती. तिने हळूच हाक मारली. माझ्या नावाने नव्हे, त्या दुसऱ्या नावाने. डावा पाय उचलला गेला. मग उजवा. मी आईच्या शेजारून पाच पावलं चालत मावशीकडे गेले.

आई आत गेली. त्या दिवशी तिने पुरणपोळी केली, सगळ्यांना वाढली, आणि स्वतः जेवली नाही. दुपारी मावशी माझे पाय चोळत होती तेव्हा ती येऊन शेजारी बसली.

"मला शिकीव," आई म्हणाली.

मावशीने तिचे हात घेऊन माझ्या गुडघ्यांवर ठेवले. पाय लगेच आवळले. आईने ओढायला सुरुवात केली.

"वडू नगंस. थांब."

"किती येळ?"

"त्येंना वाटंल तवर."

आई थांबली. चुलीवर काहीतरी करपत होतं, आत्या आतून हाका मारत होती, तरी ती उठली नाही. तिचे हात माझ्या गुडघ्यांवर नुसते पडून होते आणि ती खाली मान घालून रडत होती. पाय सुटायला फार वेळ लागला, पण सुटले. त्या दिवसापासून सकाळी आई आणि दुपारी मावशी, असं चालू राहिलं.

मी पंधरा-सोळा वर्षांची असताना मावशी एक दिवस नवं लुगडं नेसून आली. पदराच्या गाठीतून तिने पितळेची दोन जोडवी काढली.

"आता पाय मोटं झालं," ती म्हणाली. "आमच्यात ह्या वयात लगीन व्हतं. घालते."

कुवार मुलीच्या बोटांत जोडवी घालणं म्हणजे काय, ते आत्याने मोठ्या आवाजात सांगितलं. मावशीने ऐकून घेतलं आणि आईकडे पाहिलं. मला वाटलं, ती नाही म्हणेल. मलाही तिने नाही म्हणावं असं वाटत होतं, आणि पाय तर मावशीच्या मांडीवर इतके निवांत पडले होते की मला त्यांचा राग आला.

"घाल," आई म्हणाली.

मावशीने जोडवी घातली, हळद-कुंकू लावलं, दोन्ही पावलांवर कपाळ टेकवलं आणि ती गेली. त्यानंतर ती आमच्या घरी आली नाही. लावणीलाही आली नाही. वडिलांना ती एकदा वाटेत भेटली, तेव्हा त्यांनी विचारलं. "लेकीच्या सासरी रोज जात न्हाईत, भाऊ," ती म्हणाली.

माझं लग्न झालं नाही. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी मला वाचायला दिलं, मी शिकले, आणि पुढे हाताने फिरवायच्या यंत्रावर गावाचे कपडे शिवू लागले. पाय पूर्ण सुटले असं कधी झालं नाही. थंडीत ते अजून लाकूड होतात, घाई केली की अजून आवळतात. पण दोन काठ्यांवर मी विहिरीपर्यंत जाऊन येत असे आणि तेवढं मला पुरत असे.

तीन-चार वर्षं गेल्यावर वडिलांना म्हटलं, मला वाडीवर न्या. बैलगाडी जिथवर जाते तिथवर त्यांनी नेलं. पुढची चढण मी काठ्या टेकत, दहा ठिकाणी थांबत चढले. वडील मागून येत होते. मावशी झोपडीसमोर शेणाने सारवलेल्या जागेत नाचणी पाखडत होती. तिचे केस पिकले होते. काठ्यांचा आवाज ऐकून तिने मान वर केली, पण तिची नजर माझ्या गुडघ्यांपर्यंतच आली.

"आलीस गं?" ती पायांना म्हणाली. "म्हायेराला यायला एवडा येळ?"

तिने तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्या पायांवर घातलं. अंगठ्यापासून टाचेपर्यंत हात फिरवला. घोट्याचा डाग चाचपला. जोडवी आहेत का पाहिलं. मग पदराने पाय कोरडे केले, आणि पुसता पुसता तिची नजर वर सरकली. कंबर, हात, गळा, आणि शेवटी माझं तोंड. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या डोळ्यांत बघत होती. तिचे डोळे स्वच्छ होते, वेड्या माणसाचे नव्हते.

"आन् तू कुनाची गं?" तिने विचारलं.

मी वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. ती आठवत राहिली. मग तिने मान डोलावली, नीट ओळख पटली असं दाखवण्यासाठी डोलावतात तशी.

"बस," ती म्हणाली. "भुकेली असशील. तू बी खा."

तिने नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी आणली. मी खाल्लं. वडील जरा लांब, दगडावर बसून तंबाखू मळत होते, त्यांनाही तिने भाकरी दिली. आम्ही भातशेतीबद्दल बोललो, वाडीतल्या कुणाच्या आजाराबद्दल बोललो. उन्हं कलायला लागल्यावर मी उठले. उतार मला चढणीपेक्षा अवघड जातो, कारण पाय पुढे धावायला बघतात. त्या दिवशी ते धावले नाहीत. एकेक पाऊल टेकवत, खाली बघत, ते मला गाडीपर्यंत घेऊन आले.